भिंतीवरची साक्ष

४ मार्च

मामा,

नमस्कार आधीच घेऊन टाका, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल.

कालच्या पेपरात तुमचा फोटो पाहिला. हातात भिंग, कपाळावर साऱ्या जगाची काळजी आणि खाली ठळक अक्षरांत ‘रोजनिशी अस्सलच : ज्येष्ठ तज्ज्ञांचा निर्वाळा’. माझ्या खुर्चीत पेशंट आ वासून बसला होता आणि मी पेपर धरून उभी. त्या बिचाऱ्याला वाटलं, त्याच्या दाढेबद्दलच काहीतरी छापून आलंय.

आयुष्यभर दफ्तरखान्यात जुने कागद हुंगलेत आणि शेवटी हे दिवे लावलेत?

निवृत्तीनंतर तुम्हाला फक्त सत्कार लक्षात राहतात, म्हणून आठवण करून देते. सूतगिरणीतून घरी येणाऱ्या तीन बायकांचे खून पाडले म्हणून ज्या बत्तीवाल्याला फाशी झाली, रस्त्यावरचे रॉकेलचे दिवे लावणारा तो माणूस, तो माझ्या सासूबाईंचा बाप. त्या तेव्हा सात वर्षांच्या होत्या. बाप गेला, घर सुटलं, शाळा सुटली. लग्न होईपर्यंत लोक त्यांना नावाने हाक मारत नव्हते, ‘बत्तीवाल्याची’ म्हणत होते. आता जरा कुठे सगळे विसरत आले होते, तेवढ्यात कुठल्याशा जुन्या पेटीत त्याची ‘रोजनिशी’ सापडते, त्यात तो तिन्ही खून मिटक्या मारत कबूल करतो आणि तुम्ही त्यावर शिक्का मारून मोकळे.

माझ्या घरात ही बातमी मला वाचून दाखवावी लागली, मामा. सासूबाईंना दिसत नाही हल्ली. म्हणाल्या, “तज्ज्ञ कोण म्हणालीस?” मी तुमचं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, “असं होय,” आणि मटार सोलत बसल्या.

कशाच्या जोरावर अस्सल म्हणालात, ते कळवा. भिंगाचं कौतुक नको.

तुमची भाची


९ मार्च

ठिणगे,

तुझं पत्र मामीने आधी वाचलं, पोटभर हसली, मग मला दिलं. घरात माझी काय किंमत आहे ते यावरून तुला कळेल.

मी कधी तुझ्या दवाखान्यात येऊन म्हणतो का, की ही दाढ काढू नकोस, ती माझ्या ओळखीची आहे? मग तू माझ्या कामात नाक का खुपसतेस? तरी विचारलंसच म्हणून सांगतो, सोप्या भाषेत, कारण दातांच्या डॉक्टरांना लांब वाक्यं झेपत नाहीत.

कागद त्या काळचा आहे. शाई त्या काळची आहे. अक्षर दिवाबत्ती खात्याच्या हजेरीबुकातल्या त्याच्या सहीशी जुळतं. आणि या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे मजकूर. पहिल्या आणि तिसऱ्या खुनाला साक्षीदार नव्हता. दुसऱ्याला होता, आणि तो कोण ते तुला सांगायला नको. माझे आजोबा, तुझे पणजोबा. सगळा गाव शेपूट घालून घरात बसला असताना एकटे मास्तर कोर्टात उभे राहिले आणि शपथेवर म्हणाले, की बत्तीवाल्याला गिरणीच्या गल्लीतला कोपऱ्यावरचा दिवा विझवताना मी पाहिलं. त्या एका साक्षीवर निकाल लागला. रोजनिशीत त्या रात्रीची नोंद हुबेहूब तीच आहे. तीच गल्ली, तोच कोपरा, तीच शिडी. दोन माणसं एकमेकांना न विचारता तेच सांगतात, त्याला आमच्या धंद्यात पुरावा म्हणतात. तुझ्या सासूबाईंच्या मटाराला म्हणत नाहीत.

मला त्या बाईंबद्दल वाईट वाटतं. पण बाप गुन्हेगार निघाला म्हणून इतिहास बदलता येत नाही.

पुस्तकाचं प्रकाशन १२ एप्रिलला शाळेच्या सभागृहात आहे, आजोबांच्या तसबिरीखाली. अध्यक्ष मी आहे. आलीस तर पुढच्या रांगेत बसवीन, तोंड बंद ठेवणार असशील तर.

मामा


१४ मार्च

मामा,

तोंड उघडायला लावणं हा माझा धंदा आहे, बंद ठेवणं नाही.

तुमची ती अस्सल रोजनिशी पेपरवाल्यांनी तुकड्यातुकड्यांनी छापायला घेतलीय, ती वाचली. ‘अंधार हा माझा सखा, वात हे माझे शस्त्र.’ हा बत्तीवाला आहे की नाटकातला खलनायक? दिवसभर काचा पुसून, संध्याकाळी शिडी खांद्यावर टाकून गावभर फिरणारा माणूस घरी येऊन असलं लिहील? पाय चेपून घेईल नाहीतर झोपेल. कोरे जुने कागद रद्दीत मिळतात, शाई कोणीही कालवतो, आणि एका सहीवरून तुम्ही अख्ख्या वहीचं अक्षर ओळखलंत. मी एका दातावरून माणसाचं नाव सांगितलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल.

आणि मास्तरांची साक्ष त्या वेळच्या पेपरांत छापून आली होती, मामा. ज्याने कोणी ही वही रचली, त्याने ती समोर ठेवून उतरवली असणार. जुळणारच की. वर्गात दोन पोरांच्या उत्तरात तीच चूक सापडली तर तुम्ही त्यांना हुशार म्हणाल का?

आता मुद्द्याचं. दुसऱ्या खुनाची नोंद मी सासूबाईंना वाचून दाखवली. वाटलं होतं रडतील. त्या हसल्या. अकरा वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, मला भीतीच वाटली. म्हणाल्या, “त्या रात्री कुठला दिवा विझवला बाबांनी? ते घरी होते. मोठ्या चांदण्याचे दिवस होते ते.”

मी म्हटलं, म्हणजे काय? तेव्हा त्यांनी सांगितलं. पौर्णिमेच्या आसपास नगरपालिका रस्त्यावरचे दिवे लावायचीच नाही. फुकटचा उजेड असताना तेल कशाला जाळायचं? ते चार-पाच दिवस बत्तीवाल्याला सुट्टी. सासूबाईंना तेवढेच दिवस बाप संध्याकाळी घरी मिळायचा, म्हणून त्या लहानपणी चंद्राकडे डोळे लावून बसायच्या. त्या रात्री ते ओट्यावर बसून सासूबाईंना शिडीवर चढायला शिकवत होते.

जो दिवा लावलाच नव्हता, तो तुमच्या खलनायकाने विझवला कसा? काढा भिंग.

भाची


२५ मार्च

ठिणगे,

उत्तराला उशीर झाला, कारण तुझ्यासारखं ओट्यावरच्या गप्पांवर माझं भागत नाही. मला दप्तरं उपसावी लागतात. पाठ धरली आहे, मामी शेकतेय आणि तुझ्या नावाने खडे फोडतेय.

मान्य करण्यासारखं तेवढं मान्य करतो. त्या तारखेला पौर्णिमा होती, मी तपासलं. दिवाबत्ती खात्याचा तसा नियम होता, तोही सापडला. इतकी वर्षं कागदांत काढून मला तो ठाऊक नव्हता. त्यात लाजण्यासारखं काही नाही, विजेचे दिवे आल्यावर असले नियम कोण लक्षात ठेवतो?

पण हुरळून जाऊ नकोस. नियमाची दुसरी ओळ तुझ्या सासूबाईंनी तुला सांगितली नाही. आभाळ भरून आलेलं असेल तर पौर्णिमेलाही दिवे लावावेत, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. म्हणजे त्या रात्री ढग होते. दिवे लागले, बत्तीवाला कामावर आला आणि त्याने कोपऱ्यावरचा दिवा विझवला. सात वर्षांच्या पोरीने कुठल्यातरी दुसऱ्या रात्रीचं चांदणं या रात्रीला चिकटवलं. माणसाची आठवण अशीच असते, मी तिला दोष देत नाही.

ढग होते याला पुरावा काय, असं विचारशील. आजोबांची साक्ष हाच पुरावा. मास्तर खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. ज्या शाळेत तू पास झालीस ती त्यांनी उभी केली, हे विसरू नकोस.

वाद संपला. पुस्तक छापायला गेलं आहे.

मामा


२७ मार्च

मामा,

तुमच्या बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या वर, काळ्या चौकटीत मास्तरांच्या साक्षीचं कात्रण टांगलेलं आहे. सुट्टीच्या दिवशी तुमच्याकडे आले की पाहुण्यांसमोर तुम्ही मला ते म्हणायला लावायचात. तुम्हालाही तुमच्या वडिलांनी तसंच उभं केलं होतं, असं सांगायचात. चुकलं की पहिल्यापासून. मला अजून तोंडपाठ आहे आणि तुम्हालाही असणार. तरी भरवसा नको. उठा, चष्मा लावा, आणि तिसऱ्या ओळीपासून वाचा. मोठ्याने.

‘त्या रात्री आभाळ निरभ्र असून पिठासारखे चांदणे पडले होते, त्यामुळे गल्लीच्या दुसऱ्या टोकास उभा असलेला आरोपी मी चेहऱ्यावरून स्वच्छ ओळखला. माझ्या डोळ्यांदेखत त्याने खांबास शिडी लावली व दिवा विझविला. दिवा विझताच गल्लीत काळोख झाला.’

ढग शोधून कळवा.

भाची


३० मार्च (पोस्टकार्ड)

अगं, तू यांना काय लिहिलंस? परवा पत्र वाचून उठले, भिंतीवरची चौकट काढली आणि मांडीवर घेऊन बसले. जेवायला बोलावलं तर म्हणाले, “नको.” तुझ्या मामांनी जेवण नको म्हटलं म्हणजे मामला गंभीर आहे. काल शेजारी आले तर त्यांनाच वाचून दाखवलं आणि विचारलं, “यात काही खटकतं का?” शेजारी म्हणाले, “छे, काय सुंदर भाषा आहे.” हे त्यांच्यावर इतके खेकसले की ते चहा अर्धा टाकून गेले. भिंतीवर चौकटीएवढा पांढरा चौकोन राहिलाय, तो बघवत नाही. काय ते मिटवा.

मामी


२ एप्रिल

ठिणगे,

मामीने कळवलंच असेल, तिच्या पोटात काही राहत नाही.

प्रकाशकाला मी पत्र पाठवलंय. ‘शाईबद्दल अधिक विचार केल्यावर मी माझा निर्वाळा मागे घेत आहे’ असं लिहिलंय. तो चवताळला आहे. छापलेल्या प्रतींवर ‘वादग्रस्त’ अशी पट्टी चिकटवून विकीन म्हणतो, उलट जास्त खपतील म्हणे. असल्या माणसाच्या मांडीला मांडी लावून मी फोटो काढून घेतला, याची मला शिसारी आली.

चौकट कपाटात ठेवली आहे. तुझ्या सासूबाईंच्या वडिलांवरचा आळ माझ्या बाजूने मी काढला. आजोबा गेले, बत्तीवाला गेला. आता जुनं उकरून काय मिळणार? मास्तरांचा त्या रात्री काहीतरी गोंधळ झाला असेल. माणूस होते.

हे तुला पुरे व्हावं.

मामा


५ एप्रिल

मामा,

पुरे नाही.

शाईबद्दल अधिक विचार? शाईने तुमचं काय वाकडं केलंय? वही खोटी आहे ती शाईमुळे नाही, हे तुम्हाला कळलंय आणि मला कळलंय. आणि गोंधळ म्हणता? मास्तरांनी एका दमात सांगितलं की चांदण्यामुळे चेहरा दिसला आणि दिवा विझल्यामुळे काळोख झाला. असा गोंधळ पहिलीतल्या पोराने घातला असता तर त्यांनी त्याला बाकावर उभं केलं असतं. साक्ष दिली तेव्हा ते साधे मास्तर होते. हेडमास्तर कधी झाले ते त्यांच्याच तसबिरीखाली लिहिलंय, जाऊन बघा. ते कोणाला वाचवत होते की त्यांना नुसतं मोठं व्हायचं होतं, मला माहीत नाही आणि आता कळणारही नाही.

मला राग त्यांच्या एकट्याचा नाही. कोर्टात न्यायाधीश होता, वकील होते, अर्धा गाव होता. चांदण्यात दिवे लागत नाहीत हे त्या प्रत्येकाला माहीत होतं, रोज त्याच रस्त्याने घरी जात होते सगळे. तुम्हाला ठाऊक नव्हतं म्हणून तुम्ही चुकलात. त्यांना ठाऊक होतं. एकानेही हात वर केला नाही.

मी सासूबाईंना विचारलं, इतकी वर्षं हे कोणाला का सांगितलं नाहीत? त्या म्हणाल्या, “ज्यांना सांगायचं, त्यांना माहीतच होतं की.”

मग मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. चौकट कपाटात ठेवलीत हे ऐकल्यावर त्या पहिल्यांदाच चिडल्या. म्हणाल्या, “कपाटात कशाला? जिथे होती तिथे लावा म्हणावं. आणि त्यांना पाठ आहे ना? मग त्या दिवशी सभागृहात म्हणून दाखवायला सांग. पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझ्या बाबांबद्दल त्यांनी काही बोलू नये, मला नको आहे. नुसतं ते म्हणावं.”

तुमची छाती आहे का, ते तुम्ही बघा. मी येणार नाही, घरी सासूबाईंजवळ बसेन.

भाची


१३ एप्रिल

ठिणगे,

म्हटलं.

प्रकाशकाने कार्यक्रम रद्द केला नव्हता. मी निर्वाळा मागे घेतल्याची बातमी आल्यामुळे उलट गर्दी लोटली होती, मागे माणसं उभी होती. तसबिरीला हार होता. मी उठलो, म्हणालो की भाषण करणार नाही, आजोबांची साक्ष म्हणून दाखवतो. लहानपणी जसा हात मागे बांधून उभा राहायचो तसाच उभा राहिलो. दुसऱ्या तऱ्हेने मला ती येतच नाही.

सावकाश म्हटली. निरभ्र आभाळ, पिठासारखं चांदणं, चेहरा, शिडी, दिवा, काळोख. ‘काळोख झाला’ म्हणून थांबलो आणि वाट पाहिली. वाटलं, कोणीतरी हसेल, कोणीतरी उठेल, निदान एखादा शेजाऱ्याच्या कानाला लागेल.

त्यांनी टाळ्या वाजवल्या.

चांगल्या दणदणीत. पहिल्या रांगेतल्या बाईंनी डोळे पुसले. प्रकाशक माझ्या पाठीवर थाप मारायला उठला. मला इतकी किळस कधी कोणाची आली नव्हती, आणि लगेच लक्षात आलं, की अशा टाळ्या मी जन्मभर त्याच ओळींवर घेत आलोय. तुलाही त्या मीच मिळवून दिल्या.

मी म्हणालो, “खाली बसा. परत ऐका.” परत म्हटलं. टाळ्या जरा कमी पडल्या. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा लोक चुळबुळायला लागले, म्हातारं भ्रमिष्ट झालं असं एकजण पुटपुटला. चौथ्यांदा ‘चांदणे’ म्हटल्यावर शाळेच्या आताच्या मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “थांबा. चांदणं होतं, मग काळोख कसा झाला?”

मग मी नियम सांगितला. तारीख सांगितली. दिवा नव्हताच हे सांगितलं, आणि ज्याने वही रचली त्याने आजोबांचीच खोटी ओळ उतरवून घेतली हे सांगितलं. ‘खोटी’ हा शब्द वापरला. तसबिरीकडे पाठ होती म्हणून जमलं. बत्तीवाल्याबद्दल एक अक्षर बोललो नाही, तुझ्या सासूबाईंनी सांगितलं होतं तसं. ते त्यांचं त्यांना कळलं. सभागृह हळूहळू रिकामं झालं, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. प्रकाशक पुस्तकांचे गठ्ठे परत गाडीत भरत होता.

चौकट पुन्हा भिंतीवर लावली आहे. मी मेल्यावर मामीने काय करायचं ते करावं.

मला तुझ्या सासूबाईंसमोर यायला लाज वाटते. तरी त्यांनी बोलावलं तर येईन.

मामा


१५ एप्रिल

मामा,

तुमचं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. टाळ्यांचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मला वाटलं, त्यांना त्रास होईल, म्हणून दुसऱ्यांदा मी ती ओळ गाळायला बघत होते, तर म्हणाल्या, “गाळू नकोस.”

वाचून संपलं. मग म्हणाल्या, “तेव्हाही वाजवल्या होत्या. साक्ष संपल्यावर. आईने मला कडेवर घेतलं होतं, सगळे वाजवत होते म्हणून मीही वाजवल्या.”

 तुमच्याकडे पाहुण्यांसमोर म्हणून दाखवल्यावर मला टाळ्या मिळायच्या, त्या आठवल्या.

रविवारी या, असं सांगितलंय त्यांनी. चहाला. मामींनाही आणा. माफीबिफी काही मागत बसू नका म्हणाल्या, त्यांना ऐकायला कमी येतं आणि दोनदा मागावी लागेल.

तुमची भाची